आयकर विवरणपत्र: आधीच भरून आलेल्या आकड्यांवर डोळे मिटून सही करू नका

हिशेबनीस | २४ ऑगस्ट २०२५

आर्थिक वर्ष २०२४-२५ चं, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र भरायची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली. या धाग्यातले दर, मर्यादा आणि मुदती त्याच विवरणपत्राच्या आहेत. पोर्टलवर लॉगिन केलं की पगार, व्याज, कापलेला कर असं बरंचसं आधीच भरलेलं दिसतं आणि पुष्कळ मंडळी तसेच पुढे सरकत जाऊन 'सबमिट' दाबतात. माझ्या मते पुढच्या बहुतेक कटकटी तिथेच सुरू होतात. ते आकडे कंपनीने, बँकेने, ब्रोकरने कळवलेले असतात. विवरणपत्राखालची घोषणा मात्र तुमच्या नावाने असते.

माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी स्वतःचे कागद गोळा करा: फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर यांचा कंपनीने दिलेला दाखला), प्रत्येक बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र (बचत आणि मुदत ठेव वेगवेगळं), पोस्टाची पासबुकं, ब्रोकर आणि म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं पत्रक, गृहकर्जाचं प्रमाणपत्र. मग पोर्टलवरून २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) ही पत्रकं उतरवून घ्या. २६एएसमध्ये कापलेला आणि गोळा केलेला कर दिसतो. एआयएसमध्ये त्याखेरीज व्याज, लाभांश, शेअरविक्री, मालमत्तेचे व्यवहारही येतात. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या इंग्रजी अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून आठ अंकी जन्मतारीख. हे तिन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा. त्यानंतर जुनी (जास्त वजावटी असलेली) की नवी (कमी दरांची, मोजक्या वजावटींची) करप्रणाली ते ठरवा, मग कोणता फॉर्म ते, आणि सगळ्यात शेवटी पोर्टलवर भरायला बसा.

कुणाला कुठे अडतं ते लिहा. रकमा नेमक्या असल्या तर उत्तरही नेमकं मिळेल.

पेठेतला_पगारदार

थोडा असहमत. एकच नोकरी, एक बँक, शेअर नाहीत, भाड्याने दिलेलं घर नाही, अशा माणसाने एवढं जुळवत का बसावं? फॉर्म १६ आणि पोर्टलवरचा पगार जुळला की दहा मिनिटांचं काम आहे. लोकांना उगाच धास्ती नको.

मुळाकाठ

पगारदार, तुम्ही वर्णन केलेल्या माणसाला दहा मिनिटं पुरतात, मान्य. पण त्याने वर्षात नोकरी बदलली की चित्र बदलतं.

समजा वर्षाचा पगार १०,००,०००. सहा महिने पहिल्या कंपनीत ५,००,०००, सहा महिने दुसरीत ५,००,०००. पहिली कंपनी वर्षाचे दहा लाख धरून कर काढते आणि सहा महिन्यांचा २२,१०० कापते. दुसरीला आधीच्या पगाराची माहितीच दिली नाही, तर ती आपल्या पाच लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट पुन्हा एकदा देते. तिच्या हिशेबात उत्पन्न ४,२५,००० आणि कर शून्य. खरा हिशेब असा: १०,००,००० वजा ७५,००० म्हणजे ९,२५,०००. नव्या प्रणालीत त्यावर ४२,५०० कर आणि ४ टक्के उपकर, एकूण ४४,२००. म्हणजे २२,१०० कमी पडले. कमी पडलेली रक्कम १०,००० च्या वर असल्यामुळे कलम २३४बी आणि २३४सीचं (अग्रिम कर कमी भरल्याबद्दलचं) व्याजही लागतं.

उपाय सोपा आहे. रुजू होतानाच नव्या कंपनीला फॉर्म १२बी मध्ये आधीचा पगार आणि कापलेला कर कळवायचा. ते राहिलं असेल तर विवरणपत्रात दोन्ही फॉर्म १६ मधला ढोबळ पगार बेरजेने घ्यायचा आणि प्रमाणित वजावट एकदाच. दोन्हीकडचा 'करपात्र पगार' बेरजेने घेतला की दीड लाखाची वजावट होते आणि नोटीस येते.

जाई_जुई

वाचनखूण साठवली. एक शंका: बचत खात्याचं व्याज हजार-दोन हजार असेल तर दाखवायचं का?

हिशेबनीस

दाखवायचं. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, म्हणून ते करमुक्त आहे असा समज आहे. जुन्या प्रणालीत ८०टीटीए खाली १०,००० पर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना ८०टीटीबी खाली ठेवींसह ५०,००० पर्यंत. पण आधी उत्पन्नात दाखवून मग वजा करायचं. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत.

सेवानिवृत्त_वाचक

पतसंस्थेतल्या ठेवींचं काय? तिथे कर कापत नाहीत आणि एआयएसमध्येही ते व्याज दिसत नाही. मग ते करपात्र नाही असंच आमच्याकडे बरेच जण धरून चालतात.

मुळाकाठ

काका, ते करपात्रच आहे. सहकारी बँक आणि पतसंस्था यांत टीडीएसच्या दृष्टीने फरक आहे. सहकारी बँक सभासदांच्या मुदत ठेवींवरही कर कापते. पतसंस्थेला सभासदाच्या व्याजावर कर कापण्यापासून सूट आहे; उलाढाल ५० कोटींच्या वर असलेल्या मोठ्या संस्थांना मात्र कापावा लागतो. कर कापला नाही याचा अर्थ कर लागत नाही असा होत नाही. पतसंस्थेकडून ३१ मार्चअखेरचा व्याजाचा दाखला मागून घ्या आणि ती रक्कम 'इतर उत्पन्ना'त धरा. धागाकर्ते म्हणतात ते इथे लागू पडतं: एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न नाही, असं होत नाही.

हिशेबनीस

मुळाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. ज्येष्ठांसाठी एक भर. बँकेने कर कापूच नये असं वाटत असेल आणि एकूण उत्पन्नावर कर शून्य येत असेल, तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक बँकेत १५एच द्या. एका बँकेत दिलेला दुसरीकडे चालत नाही आणि मागच्या वर्षीचा या वर्षी चालत नाही. साठच्या आतल्यांसाठी १५जी आहे, पण त्याला आणखी एक अट आहे: एकूण व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवं. कर शून्य येतो म्हणून तेवढ्यावर १५जी देता येत नाही.

कुटुंब निवृत्तिवेतनाचंही इथेच सांगतो. ते 'पगारा'त दाखवू नका, ते 'इतर उत्पन्न' आहे. त्यावर ७५,००० ची वजावट नसते. एक तृतीयांश किंवा २५,००० यांतलं जे कमी ते नव्या प्रणालीत मिळतं, जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे.

सातबारा_८अ

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, मग दाखवायचंच कशाला, असं गावाकडे सगळे म्हणतात. नोकरी करून शेती पाहणाऱ्याने काय करावं?

मुळाकाठ

हा मुद्दा सविस्तर लिहायला हवा.

शेतीच्या उत्पन्नावर थेट कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हे लागू होतं. उदाहरण घ्या. वजावटीनंतरचा पगार ८,००,०००, शेतीचं निव्वळ उत्पन्न २,००,०००, नवी प्रणाली. आधी दोन्हींची बेरीज १०,००,०००, त्यावर कर ५०,०००. मग शेतीचे २,००,००० अधिक करमुक्त मर्यादा ३,००,००० म्हणजे ५,००,०००, त्यावर कर १०,०००. दोन्हींतला फरक ४०,००० हा तुमचा कर. शेती दाखवली नसती तर ३०,००० आला असता. म्हणजे १०,००० आणि त्यावरचा उपकर एवढा फरक पडतो.

फॉर्मचंही तसंच. आयटीआर-१ (विवरणपत्राचा सर्वांत साधा फॉर्म) मध्ये शेतीचं उत्पन्न ५,००० पर्यंतच चालतं, त्यावर आयटीआर-२. निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत हेही भरावं लागतं. सातबारा, आठ-अ, आडत्याच्या पट्ट्या, कारखान्याचं ऊसबिल, खतं-औषधं-मजुरीच्या पावत्या एका फाइलीत ठेवा.

आता शेती कशाला म्हणायचं. पीक, फळबाग, रोपवाटिका, जमिनीचा खंड हे शेतीत येतं. दूध संघाचं बिल, कुक्कुटपालन, कृषी पर्यटन केंद्राचं भाडं, पिकाचे पैसे बँकेत ठेवून मिळालेलं व्याज हे शेतीत येत नाही. दुधाचा धंदा छोट्या धंद्यांसाठीच्या कलम ४४एडी खाली अंदाजित नफ्याने दाखवता येतो, पण शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ मध्ये तोच ४४एडीचा रकाना भरायचा.

सातबारा_८अ

धन्यवाद. आणि जमीन विकली तर?

मुळाकाठ

गावाकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. मात्र ती 'गावाकडची' हवी. नगरपालिका किंवा महापालिका हद्दीच्या आत नको. हद्दीपासून सरळ रेषेत, त्या शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६ आणि त्याहून मोठ्या शहरासाठी ८ किलोमीटर, या अंतरापलीकडे हवी. रस्त्याचं अंतर धरत नाहीत. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांच्या लगतच्या गावांत हे आधी मोजून घेणं फार महत्त्वाचं, कारण लाखोंचा कर त्यावर ठरतो.

खडू_फळा

शिक्षकांना वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता एकदम मिळतो आणि कर वाढतो. कलम ८९ ची सवलत घेतली की नंतर ती नाकारल्याचं पत्र येतं. नेमकं काय चुकतं?

हिशेबनीस

फॉर्म १०ई. तो विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. फरक ज्या त्या वर्षात मिळाला असता तर किती कर आला असता, याची तुलना त्यात होते. इथे तीन ठिकाणी गडबड होते. १०ई भरलाच जात नाही. शाळेने फॉर्म १६ मध्ये सवलत दिली आहे म्हणजे झालं, असं समजतात. किंवा विवरणपत्रानंतर भरला जातो. किंवा कर निर्धारण वर्ष चुकतं: फरक २०१७ चा असला तरी हातात २०२४-२५ मध्ये आला, तर फॉर्म २०२५-२६ चा निवडायचा, जुनी वर्षं आतल्या तक्त्यात येतात. ही सवलत नव्या प्रणालीतही मिळते.

एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) असलेल्यांनी आणखी एक पाहा. शासनाचं १४ टक्के अंशदान आधी पगाराच्या उत्पन्नात धरायचं आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा करायचं. ही वजावट दोन्ही प्रणालींत आहे. पगारात न धरता नुसतंच वजा केलं की उत्पन्न तेवढ्याने कमी दाखवलं जातं.

पेठेतला_पगारदार

करप्रणालीचा विषय निघालाच आहे तर, नवी प्रणाली सगळ्यांनाच फायद्याची नाही का आता? कागद जमवायचे नाहीत, पावत्या नाहीत.

शेअरकट्टा

सगळ्यांना नाही. २०२४-२५ चे दर धरून १२,००,००० पगार घ्या. नव्या प्रणालीत ७५,००० वजा करून ११,२५,०००. कर ६८,७५०, उपकरासह ७१,५००. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर (महाराष्ट्रात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००), ८०सी चे (विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बचतीचे) १,५०,०००, गृहकर्जाचं व्याज २,००,००० आणि ८०डी चे (आरोग्य विम्याचे) २५,००० धरले तर करपात्र ७,७२,५००. कर ६७,०००, उपकरासह ६९,६८०. एवढं सगळं असूनही जुनी फक्त १,८२० ने स्वस्त. घरकर्ज किंवा घरभाडं यांतलं काहीच नसेल तर या पगाराला जुनीचा विचारही नको. पण दोन्ही असतील, म्हणजे गावी कर्जाचं घर आणि शहरात भाड्याचं, तर जुनी स्पष्टपणे पुढे जाते. दोन्हींचा हिशेब पोर्टलच करून दाखवतं, तो पाहूनच ठरवा.

हिशेबनीस

आणि मुदत! पगारदाराला विवरणपत्रातच जुनी प्रणाली निवडता येते, कंपनीला काय सांगितलं होतं त्याने बांधून घेतलेलं नाही. पण ही निवड १५ सप्टेंबरच्या आत. नंतर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं, मात्र ते नव्या प्रणालीतच. शिवाय ५,००० विलंब शुल्क (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००) आणि राहिलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा हक्कही जातो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुन्या प्रणालीसाठी फॉर्म १०आयईए वेगळा भरावा लागतो.

जुनी निवडणाऱ्यांनी कागद हाताशी ठेवा. यंदा विम्याचा पॉलिसी क्रमांक, गृहकर्जाचा खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम असे तपशील फॉर्ममध्येच मागितले आहेत.

जाई_जुई

घरभाडं भत्त्याचं: पुणे महानगर धरतात की नाही? ऑफिस मुंबईत आणि घर पुण्यात असेल तर?

शेअरकट्टा

राहतं घर कुठे आहे ते पाहतात. ५० टक्क्यांचा दर मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना. पुणे ४० टक्क्यांत. ठाणे, नवी मुंबई या स्वतंत्र महापालिका, तिथेही ४० धरणं सुरक्षित.

मात्र या वादाने बहुतेकांच्या कराला काहीच फरक पडत नाही. तीन रकमांतली सर्वांत लहान करमुक्त असते: मिळालेला भत्ता, भाडं वजा मूळ पगार व महागाई भत्त्याचे १० टक्के, आणि पगाराचे ४० किंवा ५० टक्के. मूळ व महागाई मिळून दरमहा ५०,०००, भत्ता २०,०००, भाडं १८,००० असेल तर या रकमा २०,०००, १३,००० आणि २०,०००. दुसरीच लहान, वर्षाला १,५६,०००. पुणे महानगर असतं तरी हेच उत्तर. मूळ पगार ४०,०००, भत्ता २०,००० आणि भाडं २२,००० झालं की मग फरक दिसतो: पुण्यात १६,०००, मुंबईत १८,०००.

आईवडिलांना भाडं देता येतं, पण घर त्यांच्या नावावर हवं, पैसे बँकेतून जायला हवेत आणि त्यांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवायला हवं. वर्षाचं भाडं १,००,००० च्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. दरमहा ५०,००० च्या वर भाडं असेल तर भाडेकरूनेच २ टक्के टीडीएस कापून फॉर्म २६क्यूसीने भरायचा.

मांडवीतीर

गोव्यातल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या सल्लागारांकडूनही ती निसटते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ५ए नुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा, दोघांत निम्मं निम्मं विभागायचं. लग्नाआधी वेगळा करार केला असेल तर गोष्ट निराळी.

उदाहरणार्थ ठेवीचं व्याज १,८०,००० नवऱ्याच्या नावावर आणि त्यावर १८,००० कापले. दोघांच्या विवरणपत्रांत ९०,००० व्याज आणि ९,००० टीडीएस. २६एएसमध्ये सगळं नवऱ्याच्या पॅनवर दिसतं, म्हणून बायकोला टीडीएसच्या तक्त्यात नवऱ्याच्या पॅनचा उल्लेख करून आपला वाटा घ्यावा लागतो. यासाठी 'अनुसूची ५ए' आहे. आयटीआर-१ चालत नाही. व्यवसाय नसेल तर आयटीआर-२. एकाने विभागलं आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांनाही पत्रं येतात. दोघांचे फॉर्म एकाच बैठकीत भरावेत.

सेवानिवृत्त_वाचक

हे माहीतच नव्हतं. उत्तम माहिती.

शेअरकट्टा

शेअर-फंडवाल्यांसाठी यंदाचा सगळ्यात मोठा बदल २३ जुलै २०२४ चा. त्याआधीच्या विक्रीला अल्पकालीन नफ्यावर १५ टक्के, त्या दिवसापासून २० टक्के. दीर्घकालीन १० वरून १२.५ टक्के, आणि १,२५,००० पर्यंतचा नफा करमुक्त. ब्रोकरचं पत्रक या तारखेने दोन भागांत विभागलेलं हवं, कारण फॉर्ममध्ये रकाने वेगळे आहेत. एआयएसमध्ये विक्रीची किंमत सहसा बरोबर असते, खरेदीची बऱ्याचदा नसते. बोनस शेअर, विभाजन, एका डीमॅटमधून दुसऱ्यात हलवलेले शेअर यांत घोळ होतो. खरेदीचा आकडा ब्रोकरच्या पत्रकावरूनच घ्या.

२०२४-२५ साठी 'नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत कर नाही' हे ऐकून पुष्कळजण फसतात. एकूण उत्पन्न ६,८०,००० आणि त्यात ६०,००० अल्पकालीन शेअरनफा असेल, तर ६,२०,००० वरचा कर ८७ए मध्ये माफ होतो, पण शेअरनफ्यावर १२,००० आणि उपकर ४८० लागतोच. यंदाचं सॉफ्टवेअर त्यावर माफी देत नाही.

फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न धंद्याचं, आयटीआर-३. तोटा असला तरी दाखवायचा.

हिंजवडी_फेज३

परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळणाऱ्यांनी अनुसूची एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) विसरू नये. विकले नसले तरी, लाभांश नसला तरी. त्यातला कालावधी आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा: यंदा १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. परदेशात कापलेल्या कराचं श्रेय हवं तर फॉर्म ६७. आयटीआर-१ अजिबात नाही.

परदेशस्थ

अनिवासी लोकांसाठी: आयटीआर-१ नाही, ८७एची माफीही नाही. एनआरओ (अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) ठेवीच्या व्याजावर ३० टक्के आणि उपकर कापला जातो. भारतातलं उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. त्यासाठी पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये निवासाची स्थिती आधी बदला.

खडू_फळा

अवांतर: आमच्या भागात काही जण 'कापलेला सगळा कर परत मिळवून देतो, मिळालेल्यातले टक्के द्या' म्हणून फिरतात. बऱ्याच शिक्षकांनी भरलंय.

हिशेबनीस

अजिबात नको. हे अवांतर नाही, फार गंभीर आहे. अशी माणसं राजकीय पक्षाला देणगी (८०जीजीसी), खोटं घरभाडं, शैक्षणिक कर्ज, गंभीर आजाराचा खर्च असं काहीही भरतात. फॉर्म १६ मध्ये नसलेल्या वजावटी विवरणपत्रात दिसल्या की संगणक ते वेगळं काढतो. खोटी माहिती देऊन कर चुकवला तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड, वर मूळ कर आणि व्याज. आणि तोवर तो एजंट फोन उचलत नाही.

ज्यांनी यंदा असं भरलंय त्यांनी ३१ डिसेंबर २०२५ च्या आत सुधारित विवरणपत्र भरून वजावट काढून टाकावी. मागच्या वर्षांचं असेल तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आता ४ वर्षांपर्यंत आहे, त्यात जादा कर २५ ते ७० टक्के लागतो. जितका उशीर तितका महाग. खडू_फळा, सहकाऱ्यांना हे नक्की सांगा.

जाई_जुई

परतावा 'अयशस्वी' का दाखवतो? बँक खातं तर बरोबर आहे.

मुळाकाठ

बहुतेक वेळा नाव. पोर्टल पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव ताडून पाहतं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी पद्धत. पॅनवर माहेरचं आणि बँकेत सासरचं, किंवा एकीकडे मधलं नाव आहे आणि दुसरीकडे नाही. दोन्हींपैकी एक बदलून घ्या, मग पोर्टलवर खातं पुन्हा प्रमाणित करा, परताव्यासाठी तेच खातं निवडा आणि 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाका. दुसरं कारण, विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी. तिसरं, आधारशी न जोडलेला पॅन. तो निष्क्रिय असतो आणि परतावा अडतो.

संगणकी

भरल्यानंतरच्या गोष्टींबद्दल थोडं.

ई-व्हेरिफाय ३० दिवसांच्या आत, नाहीतर ज्या दिवशी कराल ती भरल्याची तारीख धरली जाते. आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी सर्वांत सोपा. तो नंबर बंद असेल तर नेट बँकिंग किंवा डीमॅट. तेही नसेल तर आयटीआर-व्ही वर सही करून बंगळुरूच्या केंद्राला स्पीड पोस्टने.

कर भरताना चलनावर वर्ष चुकतं. आत्ता भरायचा आहे तो कर निर्धारण वर्ष २०२५-२६ आणि प्रकार 'स्व-निर्धारण कर', कोड ३००. वर्ष २०२६-२७ किंवा 'अग्रिम कर' निवडला की पैसे भलत्याच खात्यात दिसतात. पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, पण तिची मुदत फार थोडी, त्याच दिवशी तपासा.

कलम १४३(१) चं, म्हणजे विवरणपत्राचा हिशेब तपासल्याचं पत्र आलं की घाबरू नका. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही भरलेलं आणि विभागाने काढलेलं. वरून खाली येत पहिली वेगळी ओळ शोधा, कारण तिथे असतं. तुमची चूक असेल तर सुधारित विवरणपत्र किंवा राहिलेला कर. विभागाच्या हिशेबात चूक असेल तर कलम १५४ ची दुरुस्ती. १३९(९) म्हणजे सदोष विवरणपत्र, बहुधा चुकीचा फॉर्म. त्याला १५ दिवसांत उत्तर. एसएमएसमधल्या दुव्यावर कधीही जाऊ नका. पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस खरी की खोटी ते तपासता येतं.

पेठेतला_पगारदार

हिशेबनीस, एवढं वाचल्यावर तुमचा क्रम पटला. एकच प्रश्न उरतो. एआयएसमध्ये चूक सापडली, उदाहरणार्थ एकाच ठेवीचं व्याज दोनदा आलं, तर अभिप्राय देऊन ते दुरुस्त होईपर्यंत थांबायचं का? १५ तारखेपर्यंत बँकेने उत्तर दिलंच नाही तर?

हिशेबनीस

थांबायचं नाही. एआयएसमध्ये त्या ओळीवर 'माहिती दुबार आली आहे' असा अभिप्राय द्या, त्याची पोच उतरवून ठेवा, आणि विवरणपत्रात बँकेच्या प्रमाणपत्रातला खरा आकडा भरा. उद्या विचारणा झाली तर प्रमाणपत्र आणि पोच दोन्ही दाखवता येतात.

कापलेल्या कराचं मात्र उलट आहे. फॉर्म १६ मध्ये ६०,००० आणि २६एएसमध्ये ४५,००० दिसत असतील, तर विभाग श्रेय ४५,००० चंच देतो. तिथे अभिप्रायाने काम होत नाही. ज्याने कर कापला त्यानेच आपलं टीडीएस विवरण दुरुस्त करायला हवं. कंपनीच्या लेखा विभागाला आजच ईमेल करा, सोबत पगारपत्रकं जोडा, आणि १० सप्टेंबरपर्यंत २६एएस पुन्हा पाहा. तोवर दुरुस्ती झाली नसेल तर पूर्ण ६०,००० चा दावा करून मुदतीत भरून टाका. कर तुमच्या पगारातून खरोखर कापलेला असेल तर कलम २०५ नुसार तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. मागणीचं पत्र आलं तर 'असहमत' नोंदवा, आणि कंपनीने दुरुस्ती केली की १५४ मध्ये 'कर श्रेयातील तफावत' निवडा.